तारण पावलेला मनुष्य पुन्हा नाश पावेल काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७



हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वारंवार निघतो. एक गृहस्थ म्हणतो, "माझा बाप्तिस्मा झाला, प्रभूने मला धरिले, आता मला भय कसले?" आणि असे म्हणून तो दारूच्या गुत्त्याची वाट धरितो. दुसरीकडे एखादी विधवा बहीण मुलाच्या तापाने घाबरून, शेजारणीच्या सांगण्यावरून त्याच्या गळ्यात गंडा बांधिते. आणि मग, प्रभूने आपणांस टाकिले, असे म्हणून रात्रंदिवस रडते. प्रश्न एकच, परंतु विचारणारे किती भिन्न!

विद्वानांतही हा वाद जुना आहे. देवाने ज्यांस खरोखर आपलेसे केले त्यांस तो अखेरपर्यंत राखितो, असे हॉलंडातील डोर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या सभेने ठरविले. पुढे इंग्लंडात जॉन वेस्ली ह्याने हे मत नाकारिले, व त्याचा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड ह्याने ते उचलून धरिले. दोघांत मोठा वाद झाला. तरी १७७० साली व्हिटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ लंडनात उपदेश केला तो वेस्लीनेच. आपल्या वादप्रिय बंधूंनी एवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ झाले.

आता पौलाबरोबर तारवावर चला. वादळात सापडलेल्या त्या तारवावर २७६ माणसे होती. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारेही दिसले नाहीत. तेव्हा देवाच्या दूताकडून पौलास कळले की, तारू जाईल, परंतु मनुष्य एकही मरणार नाही. ह्या वचनास अट नव्हती. तथापि चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडू लागले, तेव्हा तोच पौल शताधिपतीस बजावितो की, हे लोक तारवात न राहतील तर तुमचा बचाव व्हावयाचा नाही. शताधिपतीने म्हटले असते, "कोणी मरणार नाही असे तूच सांगितलेस ना? मग हे गेले तर जावोत!" तर? पण तो तर्क करीत बसला नाही. शिपायांनी होडीचे दोर कापून टाकिले. आणि पाहा, दोर कापिले म्हणून वचन खोटे झाले नाही; दोर कापण्यानेच ते खरे होत गेले. ज्यांस पोहता येत होते ते पोहत, बाकीचे फळ्यांवर व मोडक्या लाकडांवर, असे सर्व जण किनाऱ्यास लागले.

माझ्या मते शास्त्रातील इशारे असेच समजावे. आपल्या मेंढरांस आपल्या हातून कोणी ओढून नेऊ शकत नाही, हे प्रभूचे अभिवचन योहानाच्या १० व्या अध्यायात आहे; आणि मागे फिरणाऱ्यांस इब्री ६ मध्ये भयंकर इशारा आहे. इशारा हा अभिवचनाचा वैरी नव्हे. ज्या दोरीने मेंढपाळ आपले मेंढरू कड्यापासून मागे ओढितो ती दोरीच तो होय. पेत्राने प्रभूस तीनदा नाकारिले, पण तो रडत परत आला. देमास पौलास सोडून थेस्सलनीकास गेला. तो परतला असे शास्त्र कोठे सांगत नाही. त्याचा निवाडा मी करीत नाही.

उपदेशक बंधूंनो, औषधांची अदलाबदल करू नका. गुत्त्यावरच्या बंधूपुढे योहान १० उघडू नका. त्यास इब्री ६ वाचून दाखवा, व मग त्याच्याबरोबर गुडघे टेका. परंतु त्या बहिणीस इब्री ६ ऐकवू नका. तिच्या घरी जा, पेत्रासाठी प्रभूने आधीच प्रार्थना करून ठेविली होती ते लूक २२ मधून वाचा, मुलाच्या गळ्यातील गंडा तिलाच आपल्या हाताने सोडू द्या, त्याला दवाखान्यात पोहोचवा, आणि येत्या रविवारची सभा तिच्याच अंगणात भरवा.