दोन अर्थ

माझ्या जुन्या मोटारीच्या काचेवर चिकटवलेले ते लहानसे मार्गदर्शक यंत्र बोलत असे. परंतु त्याचा आवाज इतका क्षीण होता की, नगर रस्त्यावर समोरून उसाचा ट्रक घोंगावत गेला म्हणजे वाक्यातील दिशा सांगणारा शब्दच नेमका वाऱ्यात विरून जाई. वयोमानाने मंदावलेले कान आणि रस्त्यावरून हलवता न येणारे डोळे यांचा विचार करून मी शेवटी अशी तजवीज केली की, साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची एक वायर आणून तिचे एक टोक यंत्राला व दुसरे मोटारीतल्या स्टिरिओच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात खोचावे, म्हणजे मार्गदर्शन चारही स्पीकरांतून खणखणीत ऐकू येईल. यंत्राच्या स्मरणात मी काही अभंगही भरून ठेवले होते. वळण जवळ आले की अभंग थांबे, सूचना होई, आणि सोडलेल्या जागेवरून अभंग पुन्हा सुरू होई.

नेवाशाला जायचे म्हणून पहाटे पुण्याहून निघालो आणि इंजिन सुरू होताच सर्व स्पीकरांतून एक बारीक, तीक्ष्ण शीळ येऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी ती चढे, सोडावा तशी उतरे. अभंगाच्या मागे ती होती, सूचनेच्या मागे होती, दोहोंच्या मधल्या निःशब्दातही होती. शिक्रापूर, रांजणगाव मागे पडले तरी तिचा उलगडा होईना, म्हणून शिरूरला एका वायरमनच्या दुकानापुढे गाडी उभी केली. त्या तरुणाने काहीही उघडले नाही. सिगारेट लायटरच्या खोबणीत बसवलेला यंत्राचा चार्जर तेवढा त्याने उपसला, शीळ थांबली. पुन्हा बसवला, शीळ परतली. “काका,” तो म्हणाला, “याला दोन अर्थ लागलेत. एक चार्जरमधनं, एक या वायरीतनं. म्हणून वाजतंय.”

त्याच्या ‘अर्थ’चा खुलासा सोपा आहे. मोटारीच्या बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते, आणि गाडीतील यच्चयावत विद्युत्प्रवाह आपले काम करून त्या सांगाड्याच्या मार्गाने बॅटरीकडे परततो. त्या सांगाड्याला कारागीर अर्थ म्हणतात. माझे यंत्र सांगाड्यापर्यंत दोन वाटांनी पोचत होते: चार्जरच्या ऋण तारेने एकदा, आणि आवाजाच्या वायरीतील वेष्टनाने, स्टिरिओमधून, दुसऱ्यांदा. दोन्ही वाटा अखेर एकाच लोखंडाला मिळतात. पण त्यांची लांबी व त्यांचा रोध भिन्न असल्यामुळे त्यांच्या पातळीत काही सहस्रांश व्होल्टचा फरक राहतो, अल्टरनेटरचे कंपन त्या फरकात शिरते, दोन वाटांच्या त्या वेटोळ्यात एक निरर्थक प्रवाह फिरत राहतो, आणि संदेशाच्या रक्षणासाठी ज्याची योजना झाली ते वेष्टनच गोंगाटाचे वाहन होते.

इंग्रजीतून आलेला कारखान्यातला ‘अर्थ’ आणि वैयाकरणांनी व मीमांसकांनी ज्याची सहस्रावधी वर्षे चिकित्सा केली तो आपला ‘अर्थ’ हे दोन शब्द एकाच अक्षरांत येऊन बसावेत हा भाषेतला एक योग आहे. त्या तरुणाच्या मनात श्लेष नव्हता. पण शिरूर सोडून घोडनदीचा पूल ओलांडला तरी त्याचे वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण ज्या प्रश्नाने मला आयुष्यभर सोडले नाही त्याचे इतके नेमके निदान मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते.

माझे वडील माळकरी होते. पहाटे हरिपाठ ऐकत मी जागा होत असे. पुढे पदार्थविज्ञान शिकलो व तेच शिकवण्यात हयात गेली. या दोन आधारांचा मेळ कसा घालावा असे कोणी विचारले म्हणजे मी आपल्याकडील रूढ उत्तर देई, की मार्ग अनेक असले तरी मुक्काम एक आहे, म्हणून विरोध नाही. हे उत्तर असत्य नाही, पण ते पुरेसे नाही, हे मला आईच्या आजारपणात कळले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी नाम घेत होतो आणि हातात तिच्या रक्ताच्या तपासणीचा कागद होता. त्यावरील आकडा मी वैद्यकाच्या दृष्टीने वाचत नव्हतो, देवाचा कौल म्हणून वाचत होतो, आणि ओठांवरचे नाम नाम राहिले नव्हते, उद्याचा आकडा सुधारावा म्हणून केलेला अर्ज झाले होते. कागद घडी घालून घालून मधोमध फाटला होता. श्रद्धेला मी पुरावा मागत होतो व पुराव्याला दिलासा; दोन्ही वाटा खऱ्या होत्या, दोन्ही एकाच सत्याला भिडलेल्या होत्या, आणि तरीही, किंबहुना त्या एकाच जागी भिडलेल्या होत्या म्हणूनच, मध्ये ती शीळ वाजत होती. त्यांतली एक वाट जर कोठेच पोचत नसती तर वेटोळे पुरेच झाले नसते. इंजिन बंद असता काही ऐकू येत नाही, म्हणून निवांत वेळी, प्रवचनाच्या मंडपात, आपला समन्वय साधला असे वाटते. संकटाचा वेग वाढला की तो सूर चढतो.

यावर एक इलाज वायरमनने प्रथमच दाखवला होता: चार्जर उपसावा, यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालू द्यावे. हा संन्यासाचा इलाज. तो निर्दोष आहे. पण माझ्या यंत्राची बॅटरी दोन-अडीच तासांपलीकडे टिकत नव्हती, आणि हा मार्ग घेऊन मग परत फिरावे लागलेल्यांचे काय होते ते नेवाशाच्या वाटेवर आठवल्याखेरीज राहत नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले असे परंपरा सांगते. दोन आश्रमांच्या त्या वेटोळ्याची झळ त्यांच्या चार लेकरांना सोसावी लागली.

दुसरा इलाज वायरमनच्या खणात होता. काड्यापेटीएवढी एक डबी त्याने काढली आणि आवाजाच्या वायरीत मध्ये बसवली. आत एका गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात, एकमेकांना अगदी लगटून, पण एकमेकांना कोठेही न शिवता. एका वेटोळ्यात संदेशाचा प्रवाह कमीजास्त झाला की चुंबकीय क्षेत्राच्या द्वारा दुसऱ्यात तसाच प्रवाह उमटतो. शब्द पलीकडे जातो, धातूला धातू लागत नाही. चार्जर कायम, वायर कायम, शीळ नाहीशी. त्यागापेक्षा अनासक्ती कशी निराळी, हे गीतेवर बोलणाऱ्या कित्येकांकडून मी ऐकले होते. त्या दोन वेटोळ्यांमधल्या पोकळीत ते मला प्रथम दिसले. या सोयीची किंमत मात्र पडते, तीही सांगितली पाहिजे. असल्या लहान डबीतून खर्जाचे स्वर पुरते पार होत नाहीत. पखवाजाच्या डाव्या पुडीचा जो घुमारा छातीत उतरतो, तो बारीक झाला. आकडा आकड्याच्या जागी व नाम नामाच्या जागी ठेवायला मी शिकलो, तेव्हा वडिलांच्या हरिपाठात लहानपणी जी ऊब होती तिच्यातलेही काही असेच गेले, आणि ते गेल्याचे दुःख मला आजही आहे.

नगर सोडल्यावर रस्ता मोकळा होता. ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप चालला होता त्याचे मूळ सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांत आहे. मी कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. आपण कोठे आहोत व आपल्या घड्याळात किती वाजले, एवढेच ते अखंड सांगत असतात, आणि किमान चौघांचे ऐकून यंत्राला आपला ठाव आपणच काढावा लागतो. कोणाला उद्देशून न उच्चारलेला, कशालाही न टेकलेला तो संदेश इतके अंतर निर्मळ येतो, आणि माझ्या शेवटच्या तीन फूट वायरीत गढूळ होतो. ऋषींनाही शब्द असेच दिसले असे म्हणतात, त्यांनी ते रचले असे म्हणत नाहीत. आणि गढूळपणाचा शोध घ्यायचा तर तो वरती नव्हे, या तीन फुटांत घ्यावा, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

नेवाशाला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ज्या खांबाला टेकून शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेची टीका सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब मंदिरात तसाच उभा आहे. तो एकच दगडी खांब, त्याला लागलेली एक पाठ. समोर सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, आणि दोघांच्या मध्ये केवळ हवा. मी हात टेकला. दगड थंड होता, पुष्कळांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. बराच वेळ तेथे बसलो आणि आईच्या त्या फाटक्या कागदाची आठवण आली, पण कोणताही अर्ज मनात आला नाही.

परतताना उन्हे कलली होती. डबी काढून पखवाज पूर्ववत घुमतो का पाहावे असे क्षणभर वाटले. पण हात मागे घेतला. नेवासे फाट्याशी अभंग थांबला, वळण सांगितले गेले, आणि ते मला शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू आले.