जपायचे काय: वार्निश की नाद?

जुन्या अकूस्टिक गिटारींच्या बाजारात सर्वांत जास्त भाव येतो तो कुणाचाही हात न लागलेल्या वाद्याला. मूळ वार्निश, मूळ घोडी, मूळ खुंट्या शाबूत असतील तर किंमत चढते. नव्याने पॉलिश केलेले दिसले की ती घसरते. संग्राहकाच्या बाजूने हे रास्तच आहे, कारण असे वाद्य त्या काळच्या कारागिरीचा पुरावा असते. पण वाद्य जपण्याची कसोटीही हीच मानली, तर आपण लाकूड राखू आणि नाद गमावू.

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी मार्टिन कंपनीने १९३५मध्ये घडवलेली एक डी-२८ पाहा. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतप्रकाराचा वादक क्लॅरेन्स व्हाइट याच्या या गिटारीचे ध्वनिछिद्र मूळ मापाहून मोठे झालेले, बोटपट्टीही बदललेली. व्हाइट १९७३मध्ये अपघातात गेला. पुढे १९७५मध्ये ब्लूग्रासचाच गिटारवादक टोनी राइस याने ती ५५० डॉलरना घेतली. १९९३च्या वादळात फ्लोरिडात ती पाण्याखाली गेली, तरी दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागली. बाजाराच्या काटेकोर नियमाने ही सदोष वस्तू. ब्लूग्रासच्या जगात मात्र तिच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या गिटारीला असेल.

तिच्या नादाला कारणे आहेत. त्या काळातल्या डी-२८ची पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवीच्या. फळीच्या आतल्या आधारपट्ट्या तासून हलक्या केलेल्या आणि छिद्राच्या जवळ बसवलेल्या, त्यामुळे फळी मोकळेपणी थरथरते आणि खर्ज भरदार उमटतो. छिद्र मोठे झाले की पेटीतल्या हवेचा स्वाभाविक कंप वर सरकतो. खर्जाची घुमी ओसरते, मधले स्वर उघडे पडतात. म्हणजे जो दोष म्हणून नोंदला जाईल, तोच तिच्या आवाजाचा भाग झाला आहे. आज कुणी दुसऱ्या जुन्या गिटारीचे छिद्र कोरू नये. पण हे छिद्र बुजवून तिला 'मूळ रूपात' आणणे हीसुद्धा तितकीच मोठी हानी ठरेल.

मुळात हात न लावता गिटार टिकतच नाही. सहा पोलादी तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. वर्षानुवर्षांच्या या ओढीने पेटी वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि वरच्या पट्टीत बोट दाबणे जड जाते. मग दांडी वाफेने सोडवून नव्या कोनात बसवावी लागते. जुने कारागीर सरस वापरत. उष्णता आणि ओल मिळताच तो सुटतो. वाद्य पुढे कधीतरी उघडावे लागणार, याची सोय त्या जोडातच होती. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी बिघडली की गवई ती कारागिराकडून पुन्हा काढून घेतो. त्याने तंबोऱ्याचे मोल घटले असे कुणी म्हणत नाही.

म्हणून मर्यादा आखायची ती उलटवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या कामांत. दांडी बसवणे, तडा सांधणे, पडदे बदलणे ही वाद्याची सेवा आहे. पॉलिशसाठी फळी घासून पातळ करणे हा मात्र अपराध, कारण गेलेले लाकूड परत येत नाही. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर तर १९९२पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ज्याच्याकडे अशी गिटार असेल त्याने ती कोरड्या हवेपासून सांभाळावी, जाणत्या कारागिराला दाखवत राहावी, झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद न लपवता ठेवावी, आणि ती वाजवावी. ती ज्यासाठी घडवली गेली, ते काम तिच्याकडून करून घेणे हेच तिचे खरे जतन.