गोवर सरासरी मानत नाही

2022च्या ऑक्टोबरअखेर गोवंडीच्या रफीक नगरात एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत दगावली. संशय गोवराचा होता. मग केंद्राचं पथक मुंबईत आलं, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराचे वॉर्ड भरू लागले, भिवंडी आणि मालेगावातूनही तशाच बातम्या यायला लागल्या. सुशिक्षितांच्या बैठकीत निदान मात्र आधीच तयार होतं: त्या वस्त्यांतले लोक लसच घेत नाहीत, कोण काय करणार?

या निदानात तथ्य अजिबात नाही असं नाही. 2018च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर नाही नाही ते फिरत होतं आणि काही आईबापांनी त्या दिवशी मुलं शाळेत पाठवलीच नाहीत. पण एवढ्यावर थांबणं मला सोयीचं वाटतं, आणि सोय नेमकी कोणाची होते तेही दिसतं.

शिवाय गोवराला हलकं लेखण्याचा मक्ता काही झोपडपट्टीकडे नाही. गोवर निघाला की उशाशी कडुलिंबाचा पाला, स्वयंपाकघरात फोडणी बंद, पुरळ ‘आत जाऊ नये’ म्हणून पोर गुंडाळून ठेवलेलं, आणि डॉक्टर? तो कशाला? हे वाड्यांतून चालायचं, चाळींतून चालायचं. एकदा निघाला की जन्माची कटकट मिटली, अशी सगळ्यांची समजूत. तिची एक बाजू खरी आहे. 1846 साली फेरो बेटांवर साथ आली, तेव्हा पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवलं की 1781च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे पासष्ट वर्षांनंतरही सुटले. दुसऱ्या बाजूचं नेमकं मोजमाप 2019 साली झालं. हार्वर्डच्या स्टीफन एलेज यांच्या गटाने लस न घेतलेल्या सत्त्याहत्तर डच मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. इतर रोगांविरुद्ध शरीराने साठवलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के गोवराने पुसून टाकले होते. म्हणजे गोवर स्वतःपुरता जन्माचा सुटतो, पण जाताना न्यूमोनियाला आणि जुलाबांना दार उघडं ठेवून जातो. मुलं मरतात ती बहुधा त्यांनीच. ज्या पोराच्या पोटात आधीच कमी असतं, ते लवकर हरतं. रुग्णाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ देतात ते त्यासाठीच, आणि ते मिळायला मूल आधी दवाखान्यात यावं लागतं.

आता थोडं गणित. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो देत असतो, म्हणजे घरच्यांना साधा सर्दीताप वाटत असतानाच. रुग्ण खोलीतून गेला तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. दहा बाय बाराच्या, खिडकी नसलेल्या खोलीत याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव जणांना संरक्षण लागतं. आपले अहवाल हे शंभर मोजतात ते वॉर्डाचे किंवा जिल्ह्याचे. वॉर्डात नव्वदच्या वर आकडा लागला की बैठक समाधानाने उठते. उरलेली मुलं वॉर्डभर विखुरलेली असती तर साथ कदाचित रेंगाळत गेली असती. ती तशी नसतात. ती एकाच गल्लीत, एकाच नळाच्या रांगेत, एकमेकांच्या घरात खेळत असतात, आणि गोवर सरासरी वाचत नाही.

ती तिथेच का साठतात, हे पाहायचं तर लसीकरणाच्या सत्राला जावं. अंगणवाडीच्या खोलीत सिस्टर लसीचा डबा घेऊन बसलेली असते. गोवराची लस कोरड्या भुकटीची असते; व्हायलमध्ये पाच किंवा दहा डोस. द्रावण घातलं की चार तासांच्या आत संपवायची, उरलेली फेकायची. एकाच मुलासाठीही व्हायल फोडा, अशी सूचना आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेबही तिलाच द्यायचा असतो. अकराच्या सुमारास पाणी भरून, भांडी उरकून एक बाई एकटंच पोर घेऊन येते. सिस्टर घड्याळाकडे पाहते आणि म्हणते, ‘ताई, पुढच्या वेळी या ना, आणखी मुलं असतील.’ पुढच्या वेळी त्या बाईचं काम निघतं. पोराला सुईनंतर ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते, हेही तिने मनात मोजलेलं असतं. वहीत तिच्या नावापुढे शेवटी काय पडतं? बहुधा ‘नकार’.

दुसरा पेच भाड्याच्या घराचा. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा. करार संपला की बिऱ्हाड मानखुर्दहून भिवंडीला, तिथून आणखी कुठे. आशाताईंची ड्यू लिस्ट, म्हणजे लस बाकी असलेल्या मुलांची यादी, जुन्या गल्लीतच राहते, लसीचं कार्ड हलवाहलवीत हरवतं, मोबाइल नंबर बदलतो. अशा घराला लसविरोधी म्हणणं म्हणजे पत्ता चुकलेल्या पत्राला उद्धट म्हणण्यासारखं आहे.

यावर कोविडची दोन वर्षं आली. सिस्टर आधी कोविडच्या कामावर, मग कोविडच्या लसीवर; नेहमीची सत्रं मागे पडली. लोक घरात होते म्हणून गोवरही दबलेला राहिला आणि न टोचलेल्या मुलांचा साठा गुपचूप वाढत गेला. 2021 साली जगभर सुमारे चार कोटी मुलांचा गोवराचा एखादा तरी डोस चुकला, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. लसीची टंचाई हे आपलं कारण होऊ शकत नाही. जगाला गोवराची लस पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक पुण्यात आहे, गोवंडीपासून गाडीने तीन-चार तासांवर.

गोवर-रुबेला निर्मूलनाची देशाची तारीख आधी 2020 होती, मग 2023 झाली, आता 2026 आहे. तारखेपेक्षा मला 2022च्या एका निर्णयाचं पुढे काय झालं यात रस आहे. ज्या भागांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण रुग्णांत दहा टक्क्यांवर गेलं होतं, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस द्यायला केंद्राने सांगितलं. निर्णय योग्य होता. पण हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत. त्या बाळांना नवव्या महिन्यात आणि मग दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा टोचायचंच असतं. आईच्या लेखी मात्र ‘गोवराची सुई झाली’. तिला आणखी दोनदा बोलावून आणायला त्या गल्लीत कोणाला नेमलं होतं, आणि तोवर ती त्याच खोलीत राहत होती का, हे वॉर्डाच्या टक्केवारीत कुठे दिसत नाही.