राक्षस येण्याआधी

मॅट रीव्ह्ज यांचा ‘क्लोव्हरफिल्ड’ हा सिनेमा २००८ साली आला. एका रात्री न्यूयॉर्कवर एक अजस्र प्राणी चालून येतो आणि पळणाऱ्या तरुणांपैकी, बहुतेक वेळ हड नावाच्या एकाच्या हातातला हँडीकॅम जे टिपतो, तेवढंच आपल्याला दिसतं. हड धावतो तेव्हा चित्र हिंदकळतं, तो पडला की रस्ता उभा होतो. धीर द्यायला किंवा सावध करायला पार्श्वसंगीत नाही. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं मुंडकं भर रस्त्यात येऊन आदळतं, इमारती ढासळतात, धुळीचे लोट गल्लीबोळांतून धावून येतात. २००१ च्या ११ सप्टेंबरचा न्यूयॉर्कवरचा हल्ला ज्यांना आठवतो, त्यांना ती धूळ ओळखीची वाटते.

हे सगळं अंगावर येतं. तरी सिनेमा संपल्यावर मनात घर करून राहतं ते वेगळंच काहीतरी.

त्या कॅमेऱ्यात आधीचं एक चित्रीकरण आहे. हडचा मित्र रॉब आणि त्याची मैत्रीण बेथ यांचा २७ एप्रिलचा दिवस. सकाळचं कोवळं ऊन, मग कोनी आयलंडची सहल, हसणं-खिदळणं, उंच पाळणा. २२ मेच्या रात्रीचा हाहाकार नकळत त्याच दिवसावर चित्रित होत जातो. मध्येच कॅमेरा बंद पडतो आणि क्षणभर तो जुना दिवस डोकावतो: बेथचा हसरा चेहरा, बाहेरचा उजेड. लगेच पुन्हा अंधार आणि किंकाळ्या.

त्या सुंदर दिवसानंतर रॉबने बेथला साधा फोनही केलेला नसतो. नोकरीसाठी त्याला जपानला जायचं असतं, म्हणून त्याने विषयच टाळलेला असतो. निरोपाच्या पार्टीत दोघांचं वाजतं आणि ती निघून जाते. मग राक्षस येतो. सगळं शहर जीव मुठीत धरून बाहेर पळत असताना, जखमी होऊन घरात अडकलेल्या बेथसाठी रॉब उलटा, शहराच्या आत शिरतो. एका बाजूला कललेल्या इमारतीतून तिला बाहेर काढतो. सेंट्रल पार्कातल्या पुलाखाली, अखेरच्या क्षणी, दोघं एकमेकांना प्रेमाची कबुली देतात. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

एवढा जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसाला महिनाभर एक फोन जड जावा, याचं वाईट वाटतं. पण आपलंही असंच चालतं. आईशी निवांत बोलायचं असतं, भावाशी धरलेला अबोला सोडायचा असतो, मित्राला ‘चुकलं माझं’ म्हणायचं असतं. आपण ते पुढच्या सुट्टीवर, पुढच्या सणावर ढकलतो. मग दवाखान्यातून फोन येतो, आणि रात्रीच्या रात्री गाडी काढून आपण धावत सुटतो. प्रेम आधीही तेवढंच असतं. सांगायची वेळ मात्र आपण संकटावर सोपवलेली असते.

माणूस संकटात धावून जातो, हा त्याचा मोठेपणा खराच. पण चांगल्या दिवशी, काहीही कारण नसताना, चार शब्द बोलायला जाणं हेही तितकंच मोठं आहे, आणि त्याला शौर्य लागत नाही. तेव्हा ज्याचं नाव हे वाचताना मनात आलं असेल, त्याला आजच फोन करा.