म्हातारपणीचे वेतन : भीक की हक्क?



आपल्या वस्तीतील सत्तरी ओलांडलेल्या माणसांना एकदा विचारून पाहा, 'तुमचा पगाराचा अर्ज भरला का?' काही जण हसून विषय टाळतील. पण एखादी करारी म्हातारी ताडकन म्हणेल, 'आमच्या बापाने भाकरी मागायची सोडली, आणि आता मी सरकारपुढे पदर पसरू?' तिला खुळी समजून पुढे जाऊ नका. तिच्या प्रश्नाला आपण उत्तर दिले पाहिजे.

१९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. येसकरपाळी, दारोदार फिरून आणलेली शिळी भाकरी, सुगीत खळ्यावर ताटकळत उभे राहणे, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. काम गावाने ठरवायचे आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर! महारवतन १९५८ च्या कायद्याने संपले. परंतु त्याआधीच गावोगाव आपल्या माणसांनी भाकरी मागणे बंद केले आणि त्यापायी उपास काढले. अशा घरातील वृद्धेला 'फुकटचे' या शब्दाची शिसारी यावी, यात नवल ते काय?

मग फरक कोठे आहे? बलुत्याला आकडा नव्हता, आणि नाही मिळाले तर 'का नाही?' असे विचारण्याची सोय नव्हती. श्रावणबाळ योजनेला वय लिहिलेले आहे, ६५. रक्कम लिहिलेली आहे. २०२३ साली ती महिना १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. त्याहून कमी वयाच्या निराधारांसाठी संजय गांधी योजना आहे. अर्ज नामंजूर झाला तर कारण विचारता येते. ज्याचे कारण विचारता येते, ती भीक कशी? बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानाच्या ४१ व्या कलमात वार्धक्य, आजार व बेकारी यांत राज्याने साहाय्य द्यावे असे म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधाराने न्यायालयात दाद मागता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण योजनेचा नियम एकदा झाला की तो सर्वांना सारखाच लागू होतो. (योजनेला पुराणातल्या श्रावणबाळाचे नाव दिले आहे, ते आपल्याला रुचणार नाही. परंतु नावापायी पैसे सोडणे शहाणपणाचे नव्हे.)

आणि या माणसांनी दिले नाही काय? १९७२ च्या दुष्काळात खडी कोणी फोडली? आता पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात, आणि त्याच हातांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उठत नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे; म्हणजे महिन्याला १,७५०! मोलमजुरी करणाऱ्याचे घरदेखील यात बसत नाही. मग कोणी सल्ला देतो, 'मुलापासून वेगळी राहते असे लिहा,' आणि वर आपला हिस्सा मागतो. रोज पंचशील म्हणणाऱ्याने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. नियम अन्यायाचा असेल तर तो बदलण्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा न्यावा. खोट्या कागदावर आईचा अंगठा घेऊ नये. न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठवूनच आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी गेल्या.

म्हणून शिकलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. 'आजी, तुला काय कळतंय, इथे अंगठा दे,' असे म्हणू नका. अर्ज मोठ्याने वाचून दाखवा. रक्कम किती, ती कोणत्या खात्यात येणार, हयातीचा दाखला दरवर्षी का द्यावा लागतो, हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. एक दुपार जाईल, जाऊ द्या.

सरकारने पैसे दिले म्हणून मुलगा मोकळा होत नाही. सिगालोवाद सुत्तात पुत्राच्या पाच कर्तव्यांत पहिले मातापित्यांच्या पोषणाचे आहे. कायदाही तेच सांगतो. २००७ च्या कायद्यानुसार वृद्ध आईवडील प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात. स्वतः जाणे जमत नसेल तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. आईचे पासबुक खिशात घालून फिरणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या जुन्या पेट्याही उघडून पाहा. वडील कारखान्यात होते काय? १९९५ च्या योजनेत दहा वर्षांची नोकरी भरली असेल तर ५८ व्या वर्षापासून भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन आहे, आणि त्यांच्या माघारी ते विधवेला मिळते. विम्याचा कागद, पोस्टाचे पुस्तक, मृत पतीचे बँक खाते, यांतले काही आहे का तेही बघा. वयाचा पुरावा नसेल तर सरकारी डॉक्टरांचा दाखला मिळतो का, याची चौकशी करा. अर्ज दिल्यावर तारखेची पोच मागून घ्या, आणि ती पोच मुलाच्या खिशात नव्हे, म्हातारीच्या स्वतःच्या ट्रंकेत ठेवा.