सिंधूची जबानी

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या अखेरच्या अंकात, दारूच्या धुंदीत नवऱ्याच्या हातून तान्हे मूल दगावले आहे, स्वतःला जबर दुखापत झाली आहे आणि पोलीस तपासासाठी दाराशी येऊन ठेपले आहेत, अशा अवस्थेत सिंधू जी जबानी देते ती धादांत खोटी असते. नवऱ्याकडे बोट दाखविण्याऐवजी ती सारा दोष अपघातावर ढकलते, आणि गेली शंभर वर्षे मराठी प्रेक्षक या असत्यापुढे नतमस्तक होऊन अश्रू ढाळीत आले आहेत. त्या अश्रूंची अवहेलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही; परंतु ज्या प्रसंगाला आपण प्रेमाची परमावधी समजतो, तो वस्तुतः प्रेमाचा पराभव आहे, आणि गडकऱ्यांच्या नाटकातच त्याचा पुरावा सापडतो, असे मला साधार मांडावयाचे आहे.

प्रथम सिंधूचा नवरा सुधाकर याच्या व्यसनाचे मूळ पाहावे. सुधाकर हा हुशार, तडफदार आणि उगवत्या लौकिकाचा वकील. भर कचेरीत मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद काही काळापुरती जप्त होते, आणि चारचौघांत झालेला हा मानभंग विसरावा कसा, या विवंचनेत असताना त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. म्हणजे रसनेच्या सुखासाठी नव्हे, तर दुखावलेल्या अभिमानावर उतारा म्हणून तो मद्याकडे वळतो. ज्या माणसाची स्वतःविषयीची किंमत सर्वस्वी लोकांच्या नजरेत साठविलेली असते, त्याची ती नजर फिरली की त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच उरत नाही. व्यसन शिरते ते या रिकाम्या जागेत.

हेच बीज पुढे सातासमुद्रांपलीकडेही रुजलेले दिसते. ‘अ स्टार इज बॉर्न’ ही कथा हॉलिवूडने १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ अशी चार वेळा पडद्यावर आणली, आणि २०१३ साली हिंदी चित्रपटसृष्टीतील ‘आशिकी २’ने तिच्याशी जवळचे नाते सांगणारी कहाणी गायिली. कीर्तीच्या शिखरावरून घसरणारा मद्यासक्त कलावंत, त्याच्याच आधाराने वर चढणारी त्याची प्रेयसी, आणि तिच्या मार्गातली धोंड होऊ नये म्हणून त्याने ओढवून घेतलेला मृत्यू, अशी ही गोष्ट. सनदेच्या जागी टाळ्या आल्या एवढाच काय तो फरक. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे : या चित्रपटांत मरण हे प्रेमाचे अंतिम दान म्हणून शोभिवंत केले जाते; गडकऱ्यांचा सुधाकर विष घेतो तेव्हा त्या मरणाने कोणाचेच भले होत नाही, कारण ज्यांचे व्हावयाचे ती माणसे आधीच गेलेली असतात.

असे असूनही मराठी प्रेक्षकाने या भीषण कथेतून भक्तिरस काढला, याचे श्रेय संगीताचे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग केला, पदे वि. सी. गुर्जरांनी रचिली. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. ज्या नटाच्या शालूंची आणि अलंकारांची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत, तोच नट ठिगळांचे लुगडे नेसून दळावयास बसे आणि त्या दैन्यातून तो अलौकिक स्वर उमटे, तेव्हा दारिद्र्यालाही एक लावण्य प्राप्त होई. सूर दुःखाला वाचा देतो खरा, परंतु तोच सूर दुःख सहन करण्यालायक, किंबहुना हवेहवेसे करून टाकतो. आणि ज्या यातनेचा संताप यावयाला हवा तिचा आस्वाद घेण्याची सवय प्रेक्षकाला लागते.

यावर असा आक्षेप येईल की, पातिव्रत्य हा त्या काळाचा आदर्श होता आणि सिंधूला आजच्या मापाने मोजणे हा अन्याय आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर नाटककारानेच देऊन ठेविले आहे. त्याच काळात, त्याच रंगमंचावर, तळीरामाची बायको गीता नवऱ्याच्या व्यसनावर तोंड भरून बोलते, आणि तिच्या त्या रोखठोक बोलण्याला गडकऱ्यांची सहानुभूती आहे. शिवाय सुधाकर मध्यंतरी दारू सोडतोही. तेव्हा त्याला पुन्हा त्या खाईत कोण लोटते? कामधंदा मागावयास गेलेल्या या माणसाला, दारूबाज म्हणून झिडकारणारी प्रतिष्ठित मंडळीच. घरात त्याच्या अपराधावर पांघरूण घालणारे प्रेम आणि घराबाहेर त्याच्या पश्चात्तापावर विश्वास न ठेवणारा समाज, या दोहोंच्या कात्रीत तो सापडतो.

व्यसनमुक्तीच्या पुढील इतिहासाने या निदानास पुष्टीच दिली. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली, आणि तिचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ या संघटनेच्या उभारणीत पुढाकार घेतला. नवऱ्याचे व्यसन आपल्यामुळे लागले नाही, ते आपल्या हाताने सुटणारही नाही, आणि त्याच्या वतीने साहेबाला खोटी सबब कळविणे किंवा त्याची उसनवारी गुपचूप फेडणे म्हणजे त्याच्या व्यसनाची मुदत वाढविणे होय, हे तेथे बायका एकमेकींच्या अनुभवातून शिकतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण’नेही रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना उपचारात सामील करून घेतले. माया आटवावी असे यांपैकी कोणीच सांगत नाही. मायेने सत्याची साथ सोडू नये, एवढेच त्यांचे सांगणे आहे.

म्हणून प्रेम, कीर्ती आणि व्यसन यांवर आज जो कोणी संगीतक वा चित्रपट रचील, त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा करण्याचा रसिकाला हक्क आहे. त्याने आपले सर्वांत मधुर पद नुसत्या सोसण्याला बहाल न करता, ‘याने मला मारले’ असे उभ्या गावासमोर सांगणाऱ्या स्त्रीलाही द्यावे. आणि बरा होऊन परत आलेल्या पुरुषाला मृत्यूच्या भव्य प्रवेशाऐवजी उद्या सकाळी जावयाचे एखादे साधे काम द्यावे. सुधाकराला त्याचे मित्र नेमके हेच देऊ शकले असते, आणि तसे झाले असते तर सिंधूवर खोटी जबानी देण्याची वेळच आली नसती.