शहर सोडावें काय?

नांदेड-लातूरकडील जीं कुटुंबें चरितार्थासाठीं पुण्या-मुंबईस जाऊन राहिलीं आहेत, त्यांच्या बोलण्यांत एक प्रश्न वारंवार येतो. नवरा-बायको दोघेंही नोकरी करणारीं. सकाळीं मूल झोपेंत असतां एकानें घराबाहेर पडावें, रात्रीं तें पेंगुळल्यावर दुसऱ्यानें परत यावें, आणि मधला सारा दिवस पाळणाघरानें सांभाळावा. अशा स्थितींत या दगदगीच्या शहरास रामराम ठोकून गांवाकडे परतणें हेंच आईबापांचें कर्तव्य नव्हे काय? प्रश्न सत्प्रवृत्त माणसांस पडणारा आहे, आणि म्हणूनच त्याचें उत्तर केवळ हळव्या मनानें देऊन चालणार नाहीं.

परतण्याच्या पक्षाचें म्हणणें हलकें नाहीं. मुलाचें पांचवें वर्ष आईबापांच्या बढतीची वाट पाहत थांबत नाहीं. तें निघून गेलें म्हणजे गेलेंच. शिवाय ज्या कारणांसाठीं मागील पिढ्यांनीं गांव सोडलें, त्यांतील एक मोठें कारण आतां पुष्कळ अंशीं उरलेलें नाहीं. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. पदवीसाठीं हैदराबादची नाहीं तर पुण्याची वाट धरावी लागे. पुढें १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, १९८८ मध्यें वैद्यकीय महाविद्यालय आलें, व १९९४ मध्यें स्वतंत्र विद्यापीठ झालें. लहान गांवीं राहिल्यानें माणूस लहान होतो ही भीतीही खरी नव्हे. नरहर कुरुंदकर १९८२ सालीं निधन पावेपर्यंत नांदेडचेच राहिले, आणि त्यांचें लिखाण सबंध महाराष्ट्र वाचीत होता.

परंतु परतूं पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें जें लातूर असतें, तें बहुधा त्यांच्या स्वतःच्या बालपणांतील असतें. गांवाकडची हवा आणि गांवाकडचें पाणी यांचें वर्णन करतांना, एप्रिल २०१६ मध्यें त्याच लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून द्यावें लागलें होतें, याची आठवण राहत नाहीं. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. आजचें लातूर 'लातूर पॅटर्न' या नांवानें ओळखलें जातें. डॉक्टर होण्याची प्रवेशपरीक्षा द्यावी म्हणून परजिल्ह्यांतील मुलें येथें व नांदेडास येऊन राहतात, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी, चाचणी आणि पुन्हां शिकवणी या चक्रांत फिरतात. कित्येक आया नवऱ्यास गांवीं ठेवून, भाड्याच्या खोलींत मुलासाठीं स्वयंपाक करीत दोन-दोन वर्षें काढतात. म्हणजे पुण्यांतील एक घर मुलाच्या स्वास्थ्यासाठीं लातुराकडे आशेनें पाहत असतां, हिंगोलीकडील दुसरें घर आपलें स्वास्थ्य मोडून मुलास त्याच लातुरास धाडीत असतें. दगदग ही केवळ शहराच्या रस्त्यांवर नसते. ती आपल्या हांवेंतही असते, आणि सामानाबरोबर तीही नव्या घरीं येते.

यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा, म्हणूनच तो कोणी सहसा उच्चारीत नाहीं. परतण्याचें मोल कोणी द्यावयाचें? नवऱ्याची बदली होते किंवा त्यास घरबसल्या काम करण्याची सवलत मिळते. बायकोच्या विद्येस साजेसें काम मात्र नांदेडांत मिळतेंच असें नाहीं. मग 'मुलासाठीं' हा एक शब्द उच्चारला कीं तिची नोकरी सुटते, आणि घरांतील कोणासही आपण कांहीं घेतलें असें वाटत नाहीं. आपला कायदाही याच समजुतीवर उभा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें. सुधारणा चांगलीच, परंतु बापाच्या रजेची तरतूद तींत नव्हती. आजी-आजोबांचेंही तसेंच. पासष्टाव्या वर्षीं पुन्हां अंगावर पडणारें मूल त्यांस हवें आहे काय, हें विचारण्याचीही रीत नाहीं. नातवाचें प्रेम आहे म्हणजे श्रम होतच नाहींत, असें आपण गृहीत धरतों.

कोणी म्हणेल कीं मातेचा त्याग हेंच आपल्या संस्कृतीचें भूषण आहे. त्यागाची थोरवी मला मान्य आहे. पण त्याग ज्याचा त्यानें करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीनें केलेल्या त्यागास आपण व्यवहारांत वेगळें नांव देतों. ज्या आईनें आपखुषीनें नोकरी सोडली तिच्याविषयीं तक्रार नाहीं. जिला दुसरा पर्यायच ठेवला नाहीं, तिच्या नांवानें घरानें पुण्य मिळवूं नये.

म्हणून माझ्या मतें निर्णयाची कसोटी स्थळ ही नसून वांटणी ही आहे. दोघांसही उद्योग मिळत असेल, म्हाताऱ्यांचा खुषीचा होकार असेल, आणि मुलास शर्यतींत लोटण्याचा बेत नसेल, तर पगार निम्मा झाला तरी परतावें. त्यांत तोटा नाहीं. या तीन गोष्टी नसतील, तर शहरांतच राहून घराची रीत बदलावी. घर लहान असलें तरी कामाच्या जवळ घ्यावें. एका बढतीस नकार द्यावा, आणि तो नकार एकदां तरी बापाच्या सहीनें जावा. मुलाबरोबर जेवण्याची वेळ दोघांनींही कचेरीच्या वेळेइतकीच बंधनकारक मानावी. हें पुण्यांत अवघड आहे हें खरें. पण जे तें पुण्यांत करूं शकत नाहींत, ते नांदेडास गेल्यावर करतील असें मानण्यास मला आधार दिसत नाहीं.